टूलचं वर्णन सपोर्टवाल्यानेच लिहावं

मुंबईत काउंटरमागचं बरंचसं काम अजून ब्राउझरमध्ये गेलेलं नाही. लालबाग-परळच्या पतसंस्था, फोर्टमधली क्लिअरिंग एजंटांची ऑफिसं, मशीद बंदरचे घाऊक व्यापारी, गिरगावातले छापखाने, उपनगरांतले दवाखाने अशा ठिकाणी विंडोजवर बसवलेलं जुनं सॉफ्टवेअर रोज सकाळी उघडतं आणि संध्याकाळी डे-एंड करून बंद होतं. त्यातलं काही व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) मध्ये लिहिलेलं असतं, काही व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये. व्हीबी ६ च्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये संपवला, फॉक्सप्रोचा जानेवारी २०१५ मध्ये. प्रोग्रॅम मात्र चालूच राहिले. त्यांची देखभाल एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) होते, आणि एएमसी घेणाऱ्या छोट्या कंपन्या आता सपोर्टच्या कामासाठी एआय एजंटकडे, म्हणजे हाताशी दिलेली टूल स्वतः निवडून वापरणाऱ्या भाषा-मॉडेलकडे, वळू लागल्या आहेत. तक्रार आली की एजंटने प्रोग्रॅमला डीबगर (चालू प्रोग्रॅम थांबवून आत पाहणारं साधन) जोडायचा, डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) घ्यायचा, लॉग (प्रोग्रॅमने लिहून ठेवलेल्या नोंदी) वाचायचा, खिडकीत काय दिसतंय ते पाहायचं आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचं.

यात चर्चा होते ती मॉडेल कुठलं घ्यावं आणि महिन्याला किती पैसे पडतील याची. एजंटला दिलेल्या टूलचं वर्णन कुणी लिहिलं, हे कुणी विचारत नाही. ते बहुधा फंक्शन लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने शेवटच्या दहा मिनिटांत उरकलेलं असतं, किंवा कोडवरून आपोआप काढलेलं असतं. माझं म्हणणं असं की हे काम सपोर्टच्या टेबलावर फोन घेणाऱ्या माणसाचं आहे, आणि लिहिलेलं वर्णन ग्राहकाला वाचायला मिळालं पाहिजे.

एजंटला टूलबद्दल तीनच गोष्टी कळतात: नाव, वर्णन आणि कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याचा साचा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला टूल जोडण्याची सामायिक पद्धत) आणला तेव्हापासून ही मांडणी सर्वत्र रुळली आहे. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. प्रोग्रॅमरच्या डोक्यात जे असतं आणि वर्णनात उतरत नाही, ते एजंटच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं.

डंप घेणारं टूल बघा. त्याचं वर्णन बहुतेक ठिकाणी असं असतं: ‘दिलेल्या प्रोसेसचा मेमरी डंप घेतं.’ वाक्यात चूक काहीच नाही, पण स्टेशनच्या इंडिकेटरवर नुसतं ‘लोकल’ लिहावं तसा हा प्रकार आहे. स्लो की फास्ट, किती डब्यांची, कुठवर जाणार, काहीच कळत नाही. सपोर्टवर दोन वर्षं काढलेल्या माणसाला लिहायला सांगितलं तर तो साधारण असं लिहील:

‘चालू प्रोसेसचा मेमरी डंप फाइलमध्ये लिहितं. प्रोग्रॅम हँग झाला आहे पण टास्क मॅनेजरमध्ये अजून दिसतोय, अशा वेळी वापरा. प्रोग्रॅम आधीच बंद झाला असेल तर उपयोग नाही; त्यासाठी क्रॅश डंप शोधणारं टूल आहे. प्रकार न सांगितल्यास मिनी डंप घेतला जातो: त्यात थ्रेड, स्टॅक आणि मोड्यूलची यादी येते, हीप येत नाही. फुल डंपमध्ये प्रोसेसची सगळी मेमरी येते, म्हणजे खातेदारांची नावं, खाते क्रमांक आणि शिल्लकही. तो ऑपरेटरच्या मंजुरीशिवाय घेतला जात नाही. डंप लिहून होईपर्यंत प्रोग्रॅम गोठलेला राहतो. ३२ बिट प्रोसेसचा ३२ बिट डंपच घेतला जातो. डिस्कवर जागा कमी पडत असेल तर फाइल लिहीत नाही. किती एमबी लागतील ते त्रुटीत सांगतं. प्रोसेस बंद करत नाही.’

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या बिघाडातून आलेलं आहे. ३२ बिटचंच घ्या. व्हीबी ६ आणि फॉक्सप्रोचे प्रोग्रॅम ३२ बिटच असतात आणि आजचं विंडोज ६४ बिट. नेहमीच्या टास्क मॅनेजरमधून अशा प्रोसेसचा डंप घेतला तर तो ६४ बिटचा येतो. त्यात मधला वाऊ६४ चा थर (६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅम चालवणारा) दिसतो आणि प्रोग्रॅमचा खरा स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं याची साखळी, वाचायला जास्तीची खटपट करावी लागते. म्हणून जाणता माणूस सिसवाऊ६४ फोल्डरमधला ३२ बिट टास्क मॅनेजर उघडतो. एजंटला हे कुणी सांगितलं नाही, तर तो त्या थरातली फंक्शनं वाचून ‘विंडोजमध्येच दोष आहे’ असा निष्कर्ष छातीठोकपणे काढून मोकळा होईल.

‘आधीच बंद झाला असेल तर उपयोग नाही’ हे वाक्यही असंच कमावलेलं. फोनवर तक्रार एकच येते, ‘सॉफ्टवेअर बंद पडलंय’, पण त्यामागे तीन वेगळे प्रकार असू शकतात. खिडकी पांढुरकी होऊन वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसत असेल तर तो हँग: खिडकीने पाच सेकंद कुठल्याही संदेशाला उत्तर दिलं नाही की विंडोज तिला तसं ठरवतं. खिडकीच गायब झाली असेल तर तो क्रॅश. आणि आयकॉनवर डबल क्लिक करून काहीच उघडत नसेल तर जुनी प्रोसेस मागे लटकलेली आहे का ते आधी बघायचं. तिन्हींसाठी टूल वेगळं. क्रॅश डंप शोधणाऱ्या टूलच्या वर्णनात आणखी एक गोष्ट हवीच हवी. विंडोज आपणहून हे डंप साठवत नाही, त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) लोकलडंप्स नावाची नोंद करावी लागते, आणि केली तरी मुळात शेवटचे दहाच डंप राहतात. म्हणजे टूलने रिकामी यादी दिली तर ‘क्रॅश झालाच नाही’ असा तिचा अर्थ नाही. रिकाम्या उत्तराचा अर्थ काय, हे वर्णनात न लिहिणं ही माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

डीबगर जोडणाऱ्या टूलची गंमत आणखी निराळी. जोडल्यावर प्रोग्रॅम थांबतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण डीबगर स्वतः बंद झाला की ज्या प्रोग्रॅमला तो जोडलेला होता तोही मरतो, हा विंडोजचा मूळ रिवाज आहे. तो बदलायचा तर वेगळी सूचना द्यावी लागते. एजंटचं सत्र टाइमआउट होऊन संपलं आणि टूलने नीट डिटॅच केलेलं (डीबगर सोडवलेला) नसेल, तर काउंटरवरचा प्रोग्रॅम त्याच्याबरोबर जातो. शिवाय लॅनवर पाच काउंटर एकच डीबीएफ फाइल (फॉक्सप्रोचं टेबल) वापरत असतील आणि ज्या क्षणी प्रोग्रॅम थांबवला त्या क्षणी त्याने एखादं रेकॉर्ड लॉक केलेलं असेल, तर त्या रेकॉर्डसाठी उरलेले चारही काउंटर ताटकळतात. वर्णनात हे असं उतरायला हवं: ‘थांबलेल्या काळात प्रोग्रॅमने धरलेली लॉक सुटत नाहीत, कामाच्या वेळेत वापरू नका, आधी डंप घेऊन बघा.’ ‘आधी हे करून बघा’ असं दुसऱ्या टूलकडे बोट दाखवणारं वाक्य ऑटोमॅटिक काढलेल्या वर्णनात कधीच नसतं, कारण एका फंक्शनला दुसऱ्याची खबर नसते.

‘ॲप्लिकेशन रीस्टार्ट करतं’ हे तर सरळसरळ फसवं वर्णन. आत बहुधा प्रोसेस ठार मारणारा कॉल असतो. त्यात प्रोग्रॅमला आवराआवर करायला क्षणाचीही सवड मिळत नाही. फॉक्सप्रोच्या टेबलात नोंद लिहिली जात असताना असं झालं तर हेडरमधली नोंदींची संख्या आणि प्रत्यक्ष नोंदी यांचा मेळ बसेनासा होतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘हे टेबलच नाही’ असा एरर येतो. इंडेक्स बिघडतो तो वेगळाच. रीस्टार्ट हा शब्द ऐकायला निरुपद्रवी आहे म्हणून एजंट ते टूल लगेच उचलतो. टूलचं नावच ‘सक्तीने बंद करा’ ठेवावं, आणि खिडकीला बंद होण्याचा संदेश पाठवून तीस सेकंद थांबणारं सौम्य टूल वेगळं द्यावं.

स्टॅक दाखवणाऱ्या टूलबद्दल एवढंच की सिम्बॉल फाइल (फंक्शनांची खरी नावं असलेली) नसेल तर डीबगर जवळच्या एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनचं नाव घेतो आणि पुढे मोठा ऑफसेट (तिथून किती दूर याचा आकडा) लावतो. ते नाव खरं नसतं. पी-कोडमध्ये (रनटाइमने वाचून चालवायच्या मधल्या रूपात) कंपाइल केलेल्या व्हीबी ६ प्रोग्रॅममध्ये तर स्टॅकवर बहुतेक रनटाइमच दिसत राहतो. दोन्ही गोष्टी वर्णनात एकेका वाक्यात मावतात.

आता अस्सल आपल्याकडचा बिघाड. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांचा असतो. फॉन्ट लावला की तो देवनागरी दिसतो. खिडकीतला मजकूर वाचणारं टूल फॉन्ट बघत नाही, ते क्रमांक उचलतं. स्क्रीनशॉटमध्ये ‘जमा रक्कम’ स्वच्छ दिसत असताना टूलकडून मात्र निरर्थक अक्षरांची माळ परत येते. एजंटचा पहिला अंदाज असतो डेटा करप्ट झाल्याचा, आणि त्याच्या हाताशी बॅकअप परत टाकणारं टूल असेल तर पुढचं पाऊल ठरलेलंच. उलटा प्रकारही आहे. व्हीबी ६ चे नेहमीचे टेक्स्टबॉक्स युनिकोड जाणत नाहीत आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं सिस्टिम कोडपेज (अक्षरं आणि क्रमांकांचा तक्ता) नाही. त्यामुळे तिथे युनिकोड मराठी पेस्ट केलं की प्रश्नचिन्हं येतात, आणि तशीच सेव्ह झाली की मूळ अक्षरं गेली ती गेलीच. म्हणजे दोन्हीकडे कचराच दिसतो, पण पहिल्या कचऱ्यात माहिती शाबूत आहे आणि दुसऱ्यात नष्ट झाली आहे. हा फरक परदेशातल्या कुठल्याही तयार टूलच्या वर्णनात सापडणार नाही. तो दादर-परळच्या सपोर्टवाल्यालाच ठाऊक आहे, आणि त्यानेच तो लिहायचा आहे: ‘जुन्या मराठी फॉन्टचा मजकूर फॉन्टच्या सांकेतिक रूपात परत येतो, हा बिघाड नव्हे. स्क्रीनशॉटशी ताडून पाहा. सलग प्रश्नचिन्हं असतील तर मात्र माहिती हरवलेली असू शकते. पुढे काही न लिहिता थांबा.’

याच ओघात लांबीचं एकक. फील्डची लांबी मागणाऱ्या टूलने ती अक्षरांत दिली, कोडपॉइंटमध्ये (युनिकोडच्या क्रमांकांत) की बाइटमध्ये, हे सांगितलंच पाहिजे. ‘क्षितिज’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, युनिकोडमध्ये सात कोडपॉइंटचा, आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटचा. २० बाइटच्या फील्डमध्ये तो मावत नाही.

एककांचा घोळ इतरत्रही आहे. लॉग यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असेल तर सकाळी सव्वादहाला झालेला बिघाड त्यात ०४:४५ ला नोंदलेला असतो. ‘सव्वादहाचं बघ’ म्हटल्यावर एजंटला तिथे काहीच मिळत नाही आणि तो ‘एरर नाही’ म्हणून अहवाल देतो. ०३/०४/२०२५ ही तारीख एप्रिलची की मार्चची, हे त्या मशीनच्या रीजनल सेटिंगवर ठरतं. क्लिक करणाऱ्या टूलला दिलेले आकडे लॉजिकल पिक्सेलचे की प्रत्यक्ष पिक्सेलचे? डिस्प्ले १५० टक्क्यांवर असेल तर ४००, ३०० वरचं बटण प्रत्यक्षात ६००, ४५० वर असतं. इलेक्ट्रॉनवर (क्रोमच्याच तंत्रावर) बांधलेल्या नव्या ॲप्समध्ये क्रोमच्या डीबग प्रोटोकॉलचा ओळ क्रमांक शून्यापासून सुरू होतो आणि एडिटरचा एकपासून, त्यामुळे ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) एक ओळ खाली लागतो.

क्लिकबद्दल आणखी एक, कारण हे भल्याभल्यांना फसवतं. प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि टूल साध्या अधिकारांत, तर विंडोज ते क्लिक गिळून टाकतं आणि क्लिक पाठवणाऱ्याला त्याचं कारण कळत नाही. टूल ‘यशस्वी’ म्हणतं, खिडकीत काही हलत नाही, एजंट पुन्हा क्लिक करतो, आणि पुन्हा. रिमोट डेस्कटॉपचं सत्र तुटलेलं असेल तर स्क्रीनशॉटही काळा येतो. ‘यशस्वी म्हणजे क्लिक पाठवलं, बटण दाबलं गेलं असं नव्हे, खिडकीची स्थिती पुन्हा वाचून खात्री करा’ हे वाक्य टाकलं की अशी निष्फळ चक्रं बरीच कमी होतात. तसंच लॉगच्या टूलने शेवटच्या २०० ओळीच दिल्या असतील तर उत्तरातच ‘आधीच्या ओळी वगळल्या’ असं यावं. नाही आलं, तर एजंट तोच पूर्ण लॉग समजतो.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, मॉडेल दर काही महिन्यांनी हुशार होत आहेत, एवढं लिहायची गरज काय? हुशारीने सामान्य ज्ञान वाढतं. तुमच्या टूलमध्ये डिटॅचची सूचना दिली आहे की नाही, हे सामान्य ज्ञान नव्हे. ते तुम्हालाच ठाऊक आहे. उलट मॉडेल जितकं धीट, तितकं ते अर्धवट माहितीवर पुढे जातं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो वजनदार आहे. सगळ्या टूलची वर्णनं साधारणपणे मॉडेलच्या प्रत्येक कॉलबरोबर जातात. चाळीस टूल आणि प्रत्येकाला दोनशे शब्द दिले तर काम सुरू होण्याआधीच मोठी जागा व्यापली जाते, आणि देवनागरीत लिहिलं तर टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त लागतात. पण यावर इलाज वर्णनं आखूड करणं हा नाही, टूल कमी करणं हा आहे. लॉग वाचणारी तीन, खिडक्यांची यादी देणारी दोन, अशी दुबार भरती बहुतेक संचांत असते. ती एकत्र केली की बारा-पंधरा टूलमध्ये काम भागतं. लॉग वाचणाऱ्या साध्या टूलला तीन वाक्यं पुरतात. डंप, अटॅच (डीबगर जोडणं) आणि सक्तीने बंद करणं यांच्या वर्णनांत मात्र हात आखडता घेऊ नये. भाषेबद्दल माझं मत व्यवहारी आहे: मॉडेलसाठीचं वर्णन इंग्रजीत लिहायला हरकत नाही, मात्र काउंटरवरून येणाऱ्या तक्रारीतले शब्द, म्हणजे हँग झालं, अडकलं, एरर मारतंय, प्रिंट निघत नाही, त्यात जसेच्या तसे असावेत.

वर्णनाला कुलूप समजण्याची चूक मात्र करू नये. ‘ऑपरेटरला विचारूनच वापरा’ असं लिहिल्याने एजंट विचारेलच याची हमी नाही. मंजुरीची खिडकी टूलच्या किंवा क्लायंटच्या कोडमध्येच असली पाहिजे; वर्णन फक्त ती का येते ते सांगतं. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘फक्त वाचतं’, ‘नुकसान करू शकतं’ असे शिक्के लावायची सोय आहे, पण तेही इशारे आहेत, आणि सर्व्हर विश्वासातला नसेल तर त्यांच्यावर विसंबू नये असं प्रोटोकॉलच सांगतो. बाहेरून आणलेल्या टूलच्या वर्णनात एजंटसाठी छुप्या आज्ञा पेरता येतात, हे २०२५ मध्ये उघडपणे दाखवलं गेलं आहे. मॉडेल वर्णन वाचतं, ऑपरेटरला ते सहसा दिसतही नाही.

लिहिलेलं वर्णन बरोबर आहे का, हे तपासायची पद्धत सोपी आहे आणि तरी फारसं कुणी करत नाही. तक्रारींच्या रजिस्टरमधून वीस जुन्या तक्रारी घ्यायच्या, काउंटरवरच्या माणसाच्या शब्दांत, सुधारून न लिहिता. प्रत्येकीसाठी एजंटने पहिलं टूल कुठलं उचलायला हवं ते सपोर्टवाल्याने आधीच कागदावर लिहायचं. मग प्रत्येक तक्रार एजंटला चार-पाच वेळा द्यायची, कारण एकदा बरोबर आलं म्हणजे दर वेळी येतंच असं नाही. चुकलं तिथे एकच वाक्य बदलायचं आणि वीसही तक्रारी पुन्हा चालवायच्या. डंपचं वर्णन सुधारलं की अटॅचची निवड बिघडते, असं हमखास होतं. मॉडेल बदललं की पहिल्यापासून. त्याआधी एक स्वस्तातली चाचणी आहे: नव्याने लागलेल्या मुलाला फक्त वर्णनं वाचायला द्या आणि तक्रार सांगून टूल निवडायला लावा. तो जिथे अडखळेल, तिथे एजंट चुकण्याची दाट शक्यता असते.

राहिला प्रश्न ग्राहकाचा. पतसंस्थेच्या संचालक मंडळाला डीबगर कळायची गरज नाही. पण खातेदारांची माहिती असलेला फुल डंप कुठल्या फोल्डरमध्ये जातो, तो मुंबईबाहेरच्या सर्व्हरवर चढतो का आणि किती दिवसांनी पुसला जातो, हे त्यांना कळलंच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ही जबाबदारी माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो त्याच्यावर, म्हणजे संस्थेवर येते. सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवून ती टळत नाही. एप्रिलमध्ये एएमसीचं नूतनीकरण होतं तेव्हा करारासोबत एजंटच्या टूलची यादी मराठीत जोडून मागावी: प्रत्येक टूल काय करतं, काय करत नाही, डेटा बदलू शकतं का, चालू असताना काउंटर थांबतो का, आणि कुठल्या टूलसाठी कुणाची मंजुरी लागते. यादी बदलली तर संस्थेला लेखी कळवायचं, ही अटही त्यातच घालावी. कंपनीने ‘हे आमचं अंतर्गत आहे’ म्हटलं तर निदान डंप, अटॅच, सक्तीने बंद करणं आणि बॅकअप परत टाकणं या चार टूलची वर्णनं मिळेपर्यंत सही थांबवावी, आणि तोवर एजंटला फक्त लॉग आणि स्क्रीनशॉट वाचायची मुभा द्यावी.